नवरा कुठे पाहत होता?

आमच्या स्टुडिओत ‘शांतता राखा’ अशी पाटी नाही. खालच्या मजल्यावर रंगाचं दुकान आहे, तिथलं डबे घुसळायचं यंत्र सकाळपासून खडखडत असतं आणि वर आमचं शूटिंग चालू असतं. कुणाचंच काही अडत नाही. आम्ही एका प्राचीन हिब्रू ग्रंथाचं भाषांतर खुणांच्या भाषेत करतो, एकेक वचन घेऊन, कॅमेऱ्यासमोर. हिब्रू मला येतं, खुणा त्यांना येतात. मलाही येतात म्हणा, सहा वर्षांत शिकले, पण माझे हात अजून बोबडे आहेत असं सगळे तोंडावर सांगतात.

या खोलीत कागदोपत्री नावं कुणी वापरत नाही. प्रत्येकाला हाताचं एक नाव असतं आणि ते आपण निवडायचं नसतं, इतरांनी ठेवायचं असतं. आमची मुख्य भाषांतरकार चाळिशीची आहे, तिला जन्मापासून ऐकू येत नाही. तिचं नाव ‘वेणी’. केस आता मानेपर्यंत कापलेले, पण शाळेत वेणी होती ना, मग संपलं. दुसरा ‘मिशी’, साठीचा सुतार, तोही कर्णबधिर. आठवड्यातले तीन दिवस तो आमच्याकडे येतो आणि पुरुषांच्या सगळ्या भूमिका त्याच्याकडे असतात. कॅमेऱ्यामागे ‘चष्मा’, त्याला ऐकू येतं, पण आईबाप दोघांनाही येत नव्हतं, म्हणून तो बोलायच्या आधी खुणा शिकला. आणि मी ‘भुवई’. पहिल्याच दिवशी मी कशावर तरी हरकत घेतली, डावी भुवई वर गेली आणि नाव पडलं ते पडलंच.

त्या बुधवारी मी आल्यापासूनच करवादलेली होते आणि त्याला कारण ग्रंथ नव्हता. आमच्या मुलीच्या, ठकूच्या, रक्तात बिघाड निघाला होता. हाडांच्या आत रक्त तयार व्हायचं काम चालतं, ते तिच्यात मंदावत चाललं होतं. ठकू सव्वीस वर्षांची, शहराच्या दुसऱ्या टोकाला खोली घेऊन राहते. तिनं मला एकटीला सांगितलं आणि वर बजावलं, “आई, बाबांना इतक्यात नको.” मग दीड महिना आम्ही दोघी एका नामांकित डॉक्टरांच्या मागे होतो. त्यांची वेळ मिळवली, तपासण्या झाल्या आणि शेवटी ते म्हणाले, गुरुवारी आईवडील दोघंही या, कुणाची अस्थिमज्जा तिला जुळतेय ते बघू. मी विचारलं, एकट्या आईचं नाही का चालणार? ते म्हणाले, “चालेल. पण एक शक्यता तुम्ही आपण होऊन सोडताय, एवढं लक्षात ठेवा.” गुरुवार म्हणजे उद्या. आणि घरी मी अजून अवाक्षर काढलं नव्हतं.

आमचे हे सरकारी वजनमाप निरीक्षक होते. पितळी वजनांची पेटी घेऊन दुकानोदुकानी तराजू तपासत हिंडायचे, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. माणूस नाकासमोर चालणारा, पण मनानं फार हळवा. माझे धाकटे दीर अचानक गेले तेव्हा हे चार महिने घरात बोलले नाहीत. ताट वाढलं की जेवायचे, दिवा मालवला की झोपायचे, बस. ते चार महिने मी काढले आहेत. पुन्हा तसंच झालं तर लेकीकडे बघू की यांच्याकडे? मला भीती वाटत होती, सरळ सांगते, आणि भीती वाटली की मी चिडते.

शिवाय मला एक मोठा आधार सापडला होता. आम्ही त्या आठवड्यात ज्या वचनावर अडलो होतो, त्यातली बाई नेमकं माझ्यासारखंच वागते.

गोष्ट अशी आहे. एक खात्यापित्या घरची बाई, मूलबाळ नाही, नवरा म्हातारा. गावावरून येणाऱ्याजाणाऱ्या एका संदेष्ट्यासाठी तिनं गच्चीवर खोली बांधून दिलेली असते. तो म्हणतो, तुला मुलगा होईल. ती म्हणते, मला खोटी आशा लावू नका. मुलगा होतो. जरा मोठा झाल्यावर एकदा कापणीच्या दिवसांत सकाळी शेतात बापाकडे जातो आणि डोकं धरून कळवळायला लागतो. बाप गड्याला सांगतो, याला आईकडे ने. दुपारपर्यंत आईच्या मांडीवर पोर जातं. ती त्याला उचलून वर नेते, संदेष्ट्याच्या खाटेवर निजवते आणि दार ओढून घेते. मग नवऱ्याला हाक मारून म्हणते, एक गडी आणि एक गाढवी द्या, त्या देवमाणसाकडे धावत जाऊन येते. नवरा विचारतो, आजच कशाला? आज ना नव्या चंद्राचा दिवस, ना विसाव्याचा वार; देवमाणसाकडे जायचे दिवस तेच. ती एकच शब्द बोलते, शालोम. सगळं ठीक आहे. आणि निघते.

मुलगा गेला हे ती नवऱ्याला सांगतच नाही. हे का, एवढाच आमचा प्रश्न होता, पण त्याच्यावर तीन दिवस गेले होते.

“सोपं आहे,” मी खुणांनी वेणीला समजावत होते. “नवऱ्याला सांगितलं असतं तर रडारड झाली असती, शेजारीपाजारी जमले असते, पुरायची तयारी सुरू झाली असती. सगळा दिवस त्यातच गेला असता. तिला संदेष्टा गाठायचाय. ती वेळ वाचवतेय. शिवाय त्या म्हाताऱ्याला कशाला घोर लावायचा? बाई खमकी आहे, एकटीनं निभावते.”

हे मी इतकं छातीठोकपणे सांगितलं की चष्म्यानं कॅमेऱ्यामागून मान बाहेर काढून माझ्याकडे बघितलं. मी कुणाची वकिली करत होते ते त्याला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

वेणीनं एकच खूण केली. “चेहरा?”

इथेच तर सगळी मेख होती. कागदावर ‘ठीक आहे’ असं लिहून मोकळं होता येतं. खुणांच्या भाषेत हात निम्मंच सांगतात, उरलेलं चेहरा सांगतो, आणि कोरा चेहरा ठेवला तर ते वाक्यच होत नाही. बाईनं ‘ठीक’ म्हटलं तेव्हा तिचा चेहरा कसा होता हे ग्रंथात लिहिलेलं नाही. आम्हाला मात्र तो ठरवल्याशिवाय पुढे सरकता येत नव्हतं.

सोमवारी आम्ही हसरा चेहरा घेऊन बघितला होता. नवऱ्याला संशय येऊ नये म्हणून ती हसून म्हणते, ठीक आहे. आमचा एक नियम आहे: चित्रण झालं की गोष्ट माहीत नसलेल्या कर्णबधिर माणसाला बोलवायचं, फिल्म दाखवायची आणि काय पाहिलंस ते सांग म्हणायचं. आपण मध्ये बोटही हलवायचं नाही. या कामाला समोरच्या गल्लीतली शिवणकाम करणारी म्हातारी येते, तिचं नाव ‘सुई’. सुईनं फिल्म पाहिली आणि तिचे डोळे विस्फारले. “पोर मेलं. आईनं खोलीत कोंडलं. मग नवऱ्याकडे बघून हसली आणि गाढवीवर बसून पळाली.” सुई पुढे वाकली. “तिनंच मारलं ना?”

मंगळवारी दुःखी चेहरा. त्यात वेणीच अडली. ‘ठीक’ म्हणताना डोळ्यांत पाणी आलं, तर समोर उभ्या नवऱ्याला ते दिसणार नाही का? आणि दिसलं तर तो तिला जाऊ कसा देतो?

म्हणून बुधवारी मी तोडगा घेऊन आले होते. रात्रभर विचार करून काढलेला. “नवरा तिच्याकडे बघतच नाहीये,” मी म्हणाले. “तो कापणीकडे बघतोय. मिशी, तू असा पाठमोरा उभा राहा. ती मागून म्हणते, ठीक आहे. तिचा चेहरा प्रेक्षकांना दिसतो, नवऱ्याला दिसत नाही. झालं!”

मिशी आज्ञाधारकपणे पाठ करून उभा राहिला. हिरव्या पडद्याकडे तोंड करून तसाच उभा राहिला, कितीतरी वेळ. मग वळला आणि निरागस चेहऱ्यानं विचारलं, “ती काही म्हणाली का?”

चष्मा खो खो हसत सुटला. वेणीनं कपाळावर हात मारला. पाठमोऱ्या माणसाला खुणा दिसत नाहीत, ज्याला खुणा दिसत नाहीत त्याच्याशी बोलणं होत नाही, आणि हे सहा वर्षं या खोलीत वावरलेल्या मला सुचू नये!

“भुवई, ही अगदी ऐकणाऱ्या माणसाची कल्पना आहे,” वेणी म्हणाली. हसत होती, पण हात नेमके चालत होते. “तुमचं बरं असतं. तुम्हाला स्वयंपाकघरातून खोटं बोलता येतं. माणूस बाहेर, तुम्ही आत, पाठ फिरवलेली, आणि नुसता आवाज पाठवायचा. आम्हाला खोटं बोलायचं झालं तरी समोर जाऊन, डोळ्यांत बघून बोलावं लागतं. माझ्या नवऱ्याला मी आजवर एकदाच फसवू शकले, तेही लाईट गेले होते म्हणून.”

सगळे पुन्हा हसले. मला झोंबलं ते माझं मला कळलं. दीड महिना मी ओट्याशी उभी राहूनच उत्तरं दिली होती. आज उशीर झाला? हो, काम लांबलं. जेवत नाहीस का? खाऊन आलेय. एकदाही मी बाहेर येऊन बोलले नव्हते.

मी ग्रंथाची ढाल पुढे केली. “हिब्रूत ‘हाक मारली’ असं आहे. म्हणजे लांबूनच.”

“हाक लांबून. पण पुढे मागणं आहे, प्रश्न आहे, उत्तर आहे. एवढं सगळं शेताच्या या बांधावरून त्या बांधावर?”

 मिशी माझ्या टेबलाशी आला आणि पानावर बोट ठेवलं. त्याला हिब्रू येत नाही, तरी नेहमी पानावर बोट ठेवूनच विचारतो. “यात मी पोराची चौकशी कुठे करतो?”

मी वाचलं. पुन्हा वाचलं. “कुठेच नाही.”

“सकाळी पोर माझ्यासमोर डोकं धरून खाली बसलं. मी त्याला घरी पाठवलं. दुपारी बायको धापा टाकत येते, गाढवी मागते. आणि मी काय विचारतो? आज कुठला वार!”

“कारण तो बेफिकीर आहे,” मी म्हणाले. “मी माझ्या टिपणात तसं लिहूनही ठेवलंय. गाढवीचा हिशेब कळतो, पोराचा नाही.”

मिशीनं जोरात मान हलवली. मग सावकाश, माझ्यासारखीला समजेल अशा बेतानं खुणा केल्या. “माझा मुलगा चार वर्षांचा होता तेव्हा ताप डोक्यात गेला. मी कारखान्यात, रंधा मारत होतो. वर बघितलं तर दारात बायको. तिला मी काय विचारलं असेल? घराला कुलूप लावलंस का. ती म्हणाली लावलं. मी विचारलं, किल्ली कुणाकडे दिलीस. मला त्या कुलपाचं काय पडलं होतं? तिचा चेहरा मला दिसला होता ना! दुसरं काही विचारायला हात उचलेचनात.”

“मग मुलगा?” चष्म्यानं विचारलं.

“आता दोन पोरांचा बाप आहे. पण ती दोन मिनिटं मी कुलपाबद्दलच बोलत होतो.”

 मी पुन्हा वचनाकडे बघितलं. तीन दिवस आम्ही बाईचा चेहरा शोधत होतो. नवऱ्याला चेहरा असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

“आपण तसं करून बघू,” वेणी म्हणाली.

दिवे लागले. मिशी मध्ये उभा राहिला, वेणी त्याच्यासमोर. तिनं गाढवी मागितली. त्यानं तिच्याकडे नीट बघितलं आणि मला शपथेवर सांगता येईल की त्याला कळलं. खांदे जरासे खाली आले. मग हातांनी विचारलं, आजच का? आज ना नवा चंद्र, ना विसाव्याचा वार. हात वारांबद्दल बोलत होते आणि डोळे भलतंच विचारत होते. वेणीनं डोळे न हलवता खूण केली, ठीक. चेहऱ्यावर ना हसू, ना रडू. नुसतं ‘विचारू नका’. त्यानं मान डोलावली आणि मग, हे आम्ही कुणीच सांगितलेलं नव्हतं, घाईघाईनं बाजूला होऊन तिला वाट करून दिली.

चष्मा कॅमेरा बंद करायला विसरला.

तासाभरानं सुई आली. गळ्यात मोजपट्टी, बोटात अंगुस्तान. फिल्म बघून झाल्यावर तिनं दोनदा सुरुवात केली आणि दोनदा थांबली. “पोर गेलं,” ती शेवटी म्हणाली. “आईला माहीत आहे. बापानं ओळखलं. तिला कळलं की त्यानं ओळखलं. पण कुणीच म्हणत नाही. म्हटलं तर ते खरं होईल.” मोजपट्टीच्या टोकानं तिनं डोळे टिपले आणि लगेच आमच्यावर खेकसली, “पुढे काय झालं ते सांगा की!”

मी सांगितलं. बाई संदेष्ट्याचे पाय धरते, त्याला घेऊनच परत येते. तो खोलीत जातो, दार लावतो, पोराला ऊब देतो. पोर सात वेळा शिंकतं, डोळे उघडतं. आई त्याला घेऊन बाहेर येते.

“आणि बापाला कुणी सांगितलं?” सुईनं विचारलं.

मी पान उलटलं. पुढचं उलटलं, मागे आले. हा भाग मला जवळपास पाठ आहे, पण हे कधी शोधलंच नव्हतं. “लिहिलेलं नाही,” मी म्हणाले. “नवरा पुन्हा येतच नाही गोष्टीत.”

मिशीनं माझ्या खांद्यावर टकटक केलं. “थांब. पोर उठून बसलं, घरभर आनंद झाला, आणि मी अजून शेतातच उभा आहे?”

सुई हसली, वेणी हसली, चष्म्यानं तर मांडीवर थाप मारली. मिशी मात्र हसत नव्हता, त्याला खरोखरच उत्तर हवं होतं.  मी पुस्तक मिटलं, पिशवी उचलली आणि डोकं दुखतंय असं सांगून तासभर आधीच निघाले.

घरी पोचले तेव्हा उन्हं अजून खिडकीत होती. हे बाहेरच्या टेबलाशी शेंगा सोलत बसले होते, दाणे एका वाटीत, सालं वर्तमानपत्रावर. मी सवयीनं सरळ आत गेले, नळ सोडला, चहाचं आधण ठेवलं.

“उद्या जाणार आहेस का?” बाहेरून आवाज आला.

“हो.”

“उद्या गुरुवार आहे. तुझं काम सोम, मंगळ, बुध असतं ना?”

‘थोडं जादाचं काम आहे’ हे वाक्य माझ्या ओठांवर तयार होतं. दीड महिन्यात मी त्यात चांगली तरबेज झाले होते. मी गॅस बंद केला, हात पुसले आणि बाहेर येऊन यांच्या समोरच्या खुर्चीत बसले.

“अहो, इकडे बघा.”

हे शेंगेकडे बघत राहिले. मग वर बघितलं. किती दिवसांनी मी तो चेहरा समोरून, पूर्ण बघत होते कोण जाणे. डोळ्यांखाली काळं आलं होतं. गालफडं बसली होती. हे नीट जेवतही नव्हते आणि ताट उचलणाऱ्या मला ते दिसलं नव्हतं.

“ठकूला रक्ताचा आजार आहे,” मी म्हणाले. “डॉक्टर चांगले आहेत, उपाय आहे. दुसऱ्या कुणाची तरी अस्थिमज्जा तिला जुळावी लागेल. उद्या माझं रक्त तपासून बघणार आहेत. तुमचंही बघायचं म्हणतात.”

 यांच्या हातातली शेंग अर्धी उघडलेली तशीच राहिली.  आले ते चार महिने, मला वाटलं, परत आले.

“गेला महिनाभर ठकू फोनवर मला विचारते, बाबा, जेवलात का,” हे म्हणाले.  “अख्ख्या जन्मात तिनं कधी विचारलं नव्हतं. फोन आला की, बाबा, आईला द्या. आणि तू स्वयंपाकघरातून बाहेर येईनाशी झालीस. जन्मभर तराजू बघितलेत मी. काटा कुठे कलतोय ते मला कळतं गं.”

“मग मला विचारलं का नाहीत?”

“विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस.”

 मला राग आला, यांचा, माझा, आणि तो टिकला नाही. यांनी ती शेंग पूर्ण सोलली, दाणे वाटीत टाकले, वर्तमानपत्राची चारी टोकं जुळवून सालांची पुडी केली.  मग उजव्या हाताची बाही कोपरापर्यंत वर सारून हातावरची शीर बघितली आणि माझ्याकडे मान वर केली.

“उपाशीपोटी यायचं का?”

“नाही हो,” मी म्हणाले. “जेवून या म्हणालेत.” आणि मग मात्र मला रडू आवरेना.